सल्ला हवा: 'द बुक ऑफ एली'वर चर्चा घ्यायची आहे (शेवट फोडला आहे, जपून वाचा)

दुसरी_रीळ:
फिल्म क्लबात पुढच्या रविवारी ह्यूज बंधूंचा 'द बुक ऑफ एली' (2010) आहे. युद्धाने उद्ध्वस्त अमेरिकेत एली नावाचा माणूस शेवटचं उरलेलं बायबल घेऊन तीस वर्षं पश्चिमेकडे चालतोय, ती गोष्ट. नंतरची पाऊण तासाची चर्चा माझ्याकडे आलीय. बायबलचे संदर्भ आणि कथानक पटतं का, अशा दोन बाजू घ्यायच्यात. बहुतेकांनी बायबल वाचलेलं नाही. आधी काय वाचायला द्यावं? आणि "छे, असं कुठे असतं का" म्हणणाऱ्यांशी कुठे सहमत व्हावं, कुठे अडवावं?

कोरडा_पाट:
फार देऊ नका, कोणी वाचत नाही. 1 शमुवेल, अध्याय 3 ते 5, एवढीच झेरॉक्स वाटा. शिलोचा याजक एली, त्याची दृष्टी मंदावलेली. इस्राएलचे शत्रू पलिष्टी लढाईत कराराचा कोश (देवाची पवित्र पेटी) पळवतात, ती बातमी ऐकून एली आसनावरून मागे कोसळून मरतो. पण कोश पलिष्ट्यांना लाभत नाही. ज्या नगरात नेतात तिथे लोकांना गाठी उठतात.

आता चित्रपटातला कार्नेगी बघा, त्या पुस्तकासाठी हपापलेला गावचा सत्ताधीश. पुस्तक हिसकावतो, कुलूप उघडून घेतो, तर आत ब्रेल. वाचू शकेल अशी एकच बाई, क्लॉडिया, आणि तिला त्याने वर्षानुवर्षं छळलेलं. ती म्हणते, विसरले. तोवर त्याचा पाय सडायला लागलाय आणि ते तिला वासावरून कळलंय. हे कोशाचंच कथानक आहे. लेखकाने किती जाणूनबुजून केलं हा वाद नको, नाव एली आहे एवढं पुरे.

बाकी वचनं पडद्यावर येतातच. बारमधल्या मारामारीआधी उत्पत्ति 3 (शापित भूमी, काटे-कुसळं), क्लॉडियाच्या मुलीला, सोलाराला, स्तोत्र 23, नंतर 'दिसतं म्हणून नव्हे, विश्वासाने चालतो' हे 2 करिंथ 5:7, आणि शेवटच्या प्रार्थनेत 2 तीमथ्य 4:7. एली पुटपुटतो, म्हणून सबटायटल्स लावाच.

घनदाट:
पहिला प्रश्न येईल तो तीस वर्षं चालण्याचा. अमेरिका किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत साधारण साडेचार हजार किलोमीटर. रोज 20 किमी धरले तरी 225 दिवस. इथे हिशेब मांडून हसू नका, बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 1:2 काढा: होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंत वाट अकरा दिवसांची, आणि इस्राएल लोक रानात फिरले चाळीस वर्षं. बायबलमध्ये वाट लांबते ती अंतरामुळे नाही.

पाठांतराचा भाग मात्र लोक उगाच अशक्य मानतात. किंग जेम्स या इंग्रजी बायबलात 1,189 अध्याय, पावणेआठ लाखांच्या वर शब्द. तीस वर्षांत वाटले तर आठवड्याला एक अध्यायसुद्धा पडत नाही. कुराण पाठ असणारे हाफिज जगभर आहेत (त्यात सुमारे 77 हजार शब्द), आपल्याकडे ऋग्वेदाची 1,028 सूक्तं म्हणणारे घनपाठी आहेत. फरक चुका पकडण्याच्या सोयीत आहे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द उलटसुलट म्हटले जातात आणि बरोबरचे लोक टोकतात. एलीला टोकणारं कोणी नाही, फक्त हाताखालचं पुस्तक. ते गेल्यानंतर लवकर उतरवून घेणं भाग होतं, आणि पटकथा तेच करते.

कोणीतरी तुकोबांची गाथा आणि इंद्रायणी काढणारच. काढू द्या, पण लोकगंगेत गाथा राहणं म्हणजे हजारो तोंडांत राहणं. इथे एकच तोंड आहे.

टिंब_टिंब:
पाठांतर मान्य, पुस्तक अमान्य. ब्रेलच्या पानावर 25 ओळी, ओळीत 40 घरं, म्हणजे हजार खुणा. बायबलात अक्षरंच तीस लाखांहून जास्त. संक्षिप्त ब्रेल घेतलं तरी संपूर्ण किंग जेम्स अठराएक जाडजूड खंडांत जातं. कागद जाड लागतो आणि टिंबं दबू नयेत म्हणून पानं घट्ट बांधता येत नाहीत. पाठपिशवीतल्या एका खंडात बायबलमधली थोडीच पुस्तकं मावतील.

दुसरा घोळ शेवटी, एली पोहोचतो त्या अल्काट्राझ बेटावर. तिथला ग्रंथ जपणारा लोम्बार्डी एलीचं पाठ बायबल हाताने लिहून घेतो. मिनिटाला 25 शब्द, दिवसाला आठ तास धरले तर दोन महिन्यांच्या वर. सांगणाऱ्याच्या पोटात गोळी लागलेली!

जुना_कार्ब्युरेटर:
कार्नेगीच्या गाड्या. पेट्रोल वर्ष-दोन वर्षांत बिघडतं: हलके घटक उडतात, चिकट डिंक साठतो, इथेनॉल असेल तर पाणी ओढून थर वेगळा पडतो. तीस वर्षांनी ताफा पळवायचा तर कुठेतरी तेल शुद्ध करणारा माणूस हवा, आणि तसा असता तर गावावर सत्ता त्याची असती, कार्नेगीची नाही. एलीच्या आयपॉडची लिथियम बॅटरीही तशीच. इतकी वर्षं वापरून, मधूनमधून पूर्ण रिकामी होऊन ती चार्ज धरत नाही.

काडतुसं मात्र चालतील. कोरडी राहिली तर अनेक दशकं टिकतात. ओझोन जाऊन ऊन भाजणं अर्धं पटतं: अणुयुद्धाच्या काजळीने वरचं वातावरण तापून ओझोन घटतो, पण पहिली दहा-पंधरा वर्षं, तिसाव्या वर्षी एवढा नाही. नरभक्षकांचे थरथरणारे हात म्हणजे कुरू. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत हा रोग मृतांचा मेंदू खाण्यातून पसरला. नुसत्या नरमांसाने होत नाही, खाल्लेल्या माणसाला रोग असावा लागतो.

घनदाट:
@टिंब_टिंब, एलीला चमत्काराची सवलत मिळतेच ना? मग खंडांवर कशाला अडायचं?

टिंब_टिंब:
एली आंधळा असून आवाजावरून नेम धरतो, गोळी लागूनही पोहोचतो, ती सवलत मी देतो. चित्रपट ती पहिल्यापासून मागतो: जिन्याला पाऊल ठेचतं, टोळी दिसण्याआधी वास येतो. पण ब्रेलचा खंड ही वस्तू आहे, आणि कार्नेगीचं पेट्रोल तर देवाच्या बाजूचंही नाही.

कोरडा_पाट:
हाच निकष चर्चेत ठेवा, @दुसरी_रीळ. चमत्कार फक्त एलीच्या अंगावर चालतो, बाकीच्यांना रसायनशास्त्र लागू.

मग शेवटचं कपाट दाखवून थांबवा. नवं छापलेलं बायबल हिब्रू बायबल आणि कुराण यांच्यामध्ये ठेवतात. म्हणजे प्रोटेस्टंट जुन्या करारातली 39 पुस्तकं, भाषा आणि क्रम वेगळा असेल, पण अल्काट्राझला आधीच होती. खरोखर हरवलेला होता तो नवा करार, 27 पुस्तकं, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द. टिंब_टिंबच्या वेगाने पंधरा-सोळा दिवसांचं काम. लोम्बार्डीने उत्पत्तीपासून सुरुवात का केली, यावर तुमचा पाऊण तास निघेल.

दुसरी_रीळ:
झेरॉक्सला गेलो. 1 शमुवेल 3 ते 5, मागच्या बाजूला अनुवाद 1:2.