एकाच पेटीत मस्कोव्ही बदकाच्या दोन माद्या रवणीला (अंडी उबवायला), अंडी 23. काय करावं?

चोपडा_मळा (6 एप्रिल)
नमस्कार मंडळी. केळीच्या मळ्यात पत्र्याची शेड, त्यात मस्कोव्हीच्या तीन माद्या आणि एक नर. पहिली मादी 25 मार्चला 14 अंड्यांवर रवणीला बसली. तेव्हा अंड्यांवर खुणा केल्या नाहीत. दुसरी त्याच पेटीत अंडी घालत राहिली आणि 30 तारखेपासून तीही तिथंच बसलीय. दोघींच्या ढकलाढकलीत दोन अंडी फुटली, तरी आज मोजली तर 23. तिसरी कोपऱ्यात रिकाम्या भुशावरच खुडूक होऊन बसायला लागलीय, तिच्याकडून मला अंडीच हवीत. दुपारी शेडमध्ये 41-42 अंश असतं. अंडी उबवायचं मशीन नाही. सगळी अंडी काढून नव्यानं बसवू, की आहे तसं चालू देऊ?

तापीकाठ
दोन्ही नको भाऊ. आहे तसं ठेवलं तर पहिली पिल्लं निघाली की दोन्ही माद्या त्यांच्यामागं उठून जातील आणि मागची अंडी भरल्या पिल्लासकट थंड पडतील. दुसरीची अंडी पहिलीच्या उबेतच पडत गेली, त्यामुळे एकेका अंड्याची तारीख वेगळी आहे. आधी त्या तारखा लावून घ्या.

आज रात्री अंधारात बॅटरी लावून बघा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागून मोबाईलची बॅटरी लावा आणि अंड्याचा बोथट भाग भोकावर टेकवा. बारा दिवसांच्या अंड्यात मोठी काळी सावली हलताना दिसते, भोवती जाड शिरा. सहा-सात दिवसांचं असेल तर कोळ्यासारखा लाल ठिपका, त्यातून बारीक पाय फुटलेले. आत पिवळसर स्वच्छ उजेड म्हणजे एकतर पोकळ, नाहीतर तीन-चार दिवसांच्या आतलं. असं अंडं लगेच फेकू नका, खूण करून पाच दिवसांनी परत बघा. शिरा नाहीत आणि कडेला लाल रिंगण आहे, ते मेलेलं. ज्याला वास येतो किंवा कवचावर ओलसर थेंब आलेत, ते हलक्या हातानं शेडबाहेर न्या. पेटीत फुटलं तर घाण बाकीच्या कवचांवर बसते आणि चांगली अंडीही सडतात.

खूण पेन्सिलीनंच करा, मार्करची शाई कवचातून आत झिरपते. मोठ्या सावलीवाली पहिलीखाली, बारीक शिरावाली दुसरीखाली. पहिलीची पेटी जागची हलवू नका, मस्कोव्ही जागेला फार चिकट असते, हलवली तर रिकाम्या जागी जाऊन बसेल. दुसरीलाच रात्री नव्या पेटीत ठेवा, दीड फूट लांब-रुंद चालेल. समोर गोणपाट टाकून एक दिवस अंधार करा आणि दोघींच्या मध्ये जाळी लावा. जाळी नसेल तर चार दिवसांत दोघी परत एकाच पेटीत दिसतील.

रोज संध्याकाळी बघा, बिनखुणेचं अंडं दिसलं की उचला.

मस्कोव्हीला 35 दिवस लागतात, म्हणजे पहिलीची पिल्लं 29 एप्रिलच्या आसपास. नर मस्कोव्ही नसून साधा गावठी बदक असेल तर तीन-चार दिवस आधी निघतील, पण ती पिल्लं वांझ असतात, पुढं पैदाशीला उपयोग नाही.

पऱ्हाटी
तापीकाठ यांनी तारखांचं सांगितलं, मी उन्हाचं सांगतो. आपल्याकडं एप्रिलमध्ये अंडी थंड पडून मरत नाहीत, तापून मरतात. उबवायला साधारण साडेसदतीस अंश लागतात. अंड्याच्या आत चाळिसाच्या वर बराच वेळ गेला की गर्भ टिकत नाही. पत्र्यावर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) थर आणि त्यावर केळीची वाळकी पानं टाका. पश्चिमेला ओलं गोणपाट बांधा, पेटीपासून हातभर लांब.

पण ही वाळकी पानं पेटीत घालू नका. ओल लागली की बुरशी धरते आणि पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. पेटीत खाली दोन बोटं ओलसर माती, वर गव्हाचं काड.

दुसरं, हवा कोरडी. मादी दिवसातून एक-दोनदा उठते, अंडी पिसांनी झाकून जाते, अंघोळ करून ओल्या पोटानं परत बसते. अंड्यांना ओल मिळते ती त्यातूनच. म्हणून प्यायचं भांडं पुरत नाही, तिला बसता येईल असं मोठं घमेलं शेडच्या सावलीत ठेवा. ती पाण्यात जातच नसेल तर ती उठल्यावर अंड्यांवर कोमट पाणी नुसतं शिंपडा. शेवटचे तीन दिवस हात लावू नका. कोरड्या हवेत आतला पापुद्रा चामड्यासारखा होतो आणि चोच बाहेर येऊनही पिल्लू फिरत नाही.

पुढच्या खेपेला बसवायची अंडी शेडमध्ये साठवू नका. साधारण 21 अंशांच्या वर गर्भ अर्धवट जागा होतो. ओल्या वाळूत अर्धा पुरलेला माठ, त्यात कोरडं फडकं, जास्तीत जास्त सात दिवस. फ्रिजही नको.

चोपडा_मळा (7 एप्रिल)
रात्री बघितलं. मोठी सावली 12, बारीक शिरा 5, स्वच्छ 4, रिंगण 1, वासाचं 1. दुसरी नव्या पेटीत बसली. आता तिसरीचं काय करू? आणि पिल्लांना घरचा मका आणि शेंगदाणा ढेप चालेल का?

खळ्यावरून
काय भो, ढेपेचं आधी सांगतो. नका देऊ. शेंगदाणा ढेप आणि ओलसर मका यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तयार होतं आणि बदकाचं पिल्लू त्याला कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी नाजूक. डोळ्याला ढेप चांगली दिसते, विष दिसत नाही. सरकी ढेपही नको. पहिले तीन आठवडे कोंबडीचं स्टार्टर खाद्य द्या, पण बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या जवळपास दुप्पट लागतं. कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू गुडघ्यावर चालतं. म्हणून खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा. पाणी नाकपुड्या बुडतील एवढं खोल, नाहीतर नाकात खाद्य साचतं.

तिसरीला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, चार विटांवर उचलून. पोटाखालून वारा लागला पाहिजे, आत काड-भुसा काही नको. खाद्य-पाणी भरपूर, पिंजरा सावलीत. तीन-चार दिवसांत फुसफुस आणि पिसं फुगवणं थांबलं की सोडा, पण कोपऱ्यातला तो भुसा आधी उचला. दोन-तीन आठवड्यांत परत अंड्यावर येईल. उपाशी ठेवणं, पाय बांधणं हे उपाय लोक सांगतात. त्यानं मादी वाळते आणि अंडं आणखी लांबतं.

तापीकाठ
बरोबर. बाकी 4 स्वच्छ अंडी 12 तारखेला परत बघा. शिरा दिसल्या तरी ती दुसरीच्या अंड्यांहूनही मागची, तिच्याखाली ठेवून उपयोग नाही. गावात कुणाची कोंबडी खुडूक असेल तर तिच्याखाली द्या, फक्त ती 21 दिवसांच्या सवयीची, मध्येच उठली तर दुसरी तयार ठेवा. आणि 25 एप्रिलपासून पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. कवचाला भोक पडलं की लाल मुंग्या आधी पोचतात.