ऐकलेलं धरायचं की नाही?

ऐकलेली पुस्तकं (ऑडिओबुक्स) वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांच्या यादीत धरायची का, असं इथे कुणीतरी विचारलंय. मी बिनदिक्कत धरते. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पूर्वी वाचलं होतं, यंदा स्वयंपाक करता करता ऐकलं आणि ऐकतानाच जास्त रंगलं. बाईंचं लिहिणं मुळात बोलण्याच्याच ढंगाचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं, हे त्या काही विशेष नसल्यासारखं सांगून जातात. १८९५ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, तो भाग मात्र गॅस बंद करून, नीट बसून ऐकावा.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' कागदावरच वाचावं असं माझं मत, तेही शेजारी नकाशा ठेवून. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ मध्ये घर सोडतो आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडतो! लुटालुटीत कमाई गेली, तरी गंगेची कावड मात्र घरी पोचवली. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली हे छापलं, पण मजकुरात बरेच फेरफार करून. त्यामुळे घ्यायचंच तर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती बघा.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरीही पुन्हा वाचली. त्यावर इथे आधीच भरपूर बोलून झालंय. 'माझा प्रवास'चं चांगलं ऑडिओ वाचन कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मत बदलायला तयार आहे.