मुंबईत ओळख ना पाळख, आणि वकिली: तुमचे अनुभव लिहा

माणदेशी
आज फोर्टात दोन नवे वकील भेटले. एक सांगोल्याचा, एक आटपाडीची. नुकतीच सनद मिळालेली. "सर, इथं कुणीच ओळखीचं नाही, चेंबर कसं मिळतं?" एवढंच विचारलं आणि माझा पहिला पावसाळा डोळ्यांपुढे आला. लालबागला गावच्या एका गिरणी कामगार काकांच्या खोलीत माझी पथारी असायची. सकाळी चेंबरोचेंबरी, म्हणजे सीनियर वकिलांच्या ऑफिसांत, बायोडेटा द्यायचा, दुपारी कोर्टात मागे उभं राहून ऐकायचं. ज्यांचे वडील-आजोबा याच कोर्टातले वकील, त्यांना पहिल्याच दिवशी चारजण नावाने हाक मारतात. आपल्याला तशी पहिली हाक कुणी मारली, ते लिहा. या मुलांना वाचायला देणार आहे.

गुहागरकर
क्लार्क! सीनियरच्या आधी क्लार्क. आमच्या चेंबरचे क्लार्क कोकणातले, गाव कळल्यावर लगेच "बस रे" म्हणाले. पेजिंग, इंडेक्स, स्टॅम्प नंबर (दाखल करताना मिळणारा तात्पुरता नंबर) कसा पडतो, डिपार्टमेंटने कागदपत्रांत काढलेली ऑब्जेक्शनं कशी क्लिअर करायची, सगळं त्यांनी शिकवलं. लॉ कॉलेजात यातलं एक अक्षर नव्हतं. ऑब्जेक्शनं मुदतीत क्लिअर केली नाहीत तर मॅटर बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) यायच्या आधीच फेटाळलं जाऊ शकतं. पोरांनो, क्लार्कना काका म्हणा आणि मनापासून म्हणा.

शेवंता_७
कोर्टाचं सोडा, आधी राहायचं बघा. वकील आहे म्हटलं की घरमालक दार लावून घेतात! भाडं ठरलं, चावी हातात यायची, आणि "मॅडम काय करता?" आमची आई म्हणायची शिक्षिका आहे म्हण, पण खोटं बोलून राहायचं नव्हतं. शेवटी डोंबिवलीला एका निवृत्त आजींनी जागा दिली. त्यांचा वारसाहक्काचा कागद मी वाचून दिला, ते माझं मुंबईतलं पहिलं काम. हाक म्हणाल तर त्यांचीच. सगळ्या बिल्डिंगला "आमची वकीलबाई" सांगायच्या.

गुहागरकर
@शेवंताताई डोंबिवली फास्टमध्ये कोट घालून चढायचात की पिशवीत?

शेवंता_७
पिशवीत हो! गळ्यातले पांढरे बँड वेगळ्या डब्यात, स्टार्च मोडू नये म्हणून. 😄

काळा_कोट
तालुक्याला सगळं मराठीत चालायचं, इथे हायकोर्टात इंग्रजी. कायदा येत होता, तोंड उघडत नव्हतं. त्यात ओरिजिनल साइड (थेट हायकोर्टात दाखल होणारे दावे) आणि अपीलेट साइड (खालच्या कोर्टांवरची अपिलं) ही भानगड गावाकडे कुणाला माहीत? ज्यांची मुळं इथली नाहीत त्यांनी सुरुवातीला सिटी सिव्हिल कोर्टात किंवा धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात (भाड्याचे वाद चालतात तिथे) थोडे दिवस काढावेत असं माझं ठाम मत आहे. साक्षी-पुरावे तिथे शिकता येतात. २०२४ पासून सिटी सिव्हिलची दाव्याच्या रकमेची मर्यादा १ कोटीवरून १० कोटी झाली, काम भरपूर आहे. मला हाक मारली ती तिथल्या एका टायपिस्टने. माझा मजकूर टाइप करता करता म्हणाला, "वकीलसाहेब, प्रेअर क्लॉज राहिला." म्हणजे कोर्टाकडे काय मागायचं तेच!

भीमतीर
बाबासाहेबांनी १९२३ मध्ये याच हायकोर्टात वकिली सुरू केली. कोलंबिया, लंडन, ग्रेज इनमधून बॅरिस्टरी, सगळं करून आले, तरी जातीमुळे सॉलिसिटर ब्रीफ (केस) देत नव्हते. परळच्या दामोदर हॉलमध्ये ऑफिस, गिऱ्हाईक गरीब. पहिल्या वर्षी मला कुणी ब्रीफ देईना तेव्हा मी परळला जाऊन त्या रस्त्याने चालून यायचो. कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

माणदेशी
@भीमतीर दादा, 🙏 हे त्या दोघांना नक्की वाचून दाखवतो.

टेंभुर्णीची
पैशाचं कुणी का लिहीत नाही? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बार काउन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने) परिपत्रक काढलं, शहरात ज्युनियरला महिना किमान २०,०००, ग्रामीण भागात १५,०००. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. माझ्या पहिल्या सीनियरनी (नाव नको) दिवाळीपर्यंत एक रुपया दिला नाही. घरून पैसे येणारा टिकतो, शेतकऱ्याची पोरगी परत जाते. हे बदललंच पाहिजे. मी आता ज्युनियरला एक तारखेला देते, स्वतःची फी आलेली असो वा नसो.

शेवंता_७
टेंभुर्णी +१०० 👏

पंचगंगा
धागा वाचून डोळे भरले. आता आमच्याकडे वेगळाच प्रश्न. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची मॅटर्स तिकडे. किती वर्षांची मागणी होती! आई रोज फोन करते, "ये की आता घरी." पण इथे जोडलेली माणसं? कुणी गेलंय का परत?

काळा_कोट
मी जाऊन-येऊन आहे. तिथे आपल्या पक्षकाराला भाकरी बांधून रात्रभर प्रवास करावा लागत नाही, हे बघून फार बरं वाटलं. सविस्तर उद्या लिहितो, बोर्ड मोठं आहे.

गुहागरकर
रत्नागिरीवाल्यांना कोल्हापूर म्हणजे आंबा घाट, पावसात जीव मुठीत. पण मुंबईपेक्षा जवळ हे खरंच.

पंचगंगा
@काळा_कोट दादा, महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाता का? रविवार रात्रीचं तिकीट मिळतं का?

काळा_कोट
तत्काळ बघा, नाहीतर सरळ एसटी.