जुन्या आउटडोअरला नवी कूलिंग कॉइल: काम सुरू असताना कशाचा आग्रह धरावा?

सावली

नमस्कार. आमच्या घरात डक्टमधून सर्व खोल्यांना थंड हवा देणारी ३ टनांची यंत्रणा आहे. आउटडोअर युनिट सहा वर्षांपूर्वी बदलले आणि त्यात आर-४१०ए गॅस आहे. आतली कूलिंग कॉइल मात्र त्याहून बरीच जुनी, पहिल्या यंत्रणेबरोबर आलेलीच आहे. गेल्या दोन हंगामांत दोनदा गॅस भरावा लागला. या वेळी तंत्रज्ञांनी आधी साबणाच्या फेसाने आणि मग गळतीशोधक यंत्राने तपासणी केली, तेव्हा कॉइलच्या नळ्यांत एकाहून अधिक ठिकाणी गळती आढळली. ठिकठिकाणी डाख लावत बसण्यापेक्षा कॉइलच बदलावी, हे त्यांचे मत मला पटले आहे.

शंका पुढच्या कामाविषयी आहेत. ३ टनांच्या आउटडोअरला ४ टनांची कॉइल लावली तर गारवा अधिक मिळेल, असे ते म्हणतात. शिवाय नळ्या जोडून झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावण्याची आवश्यकता नाही, थोडा गॅस सोडून आतली हवा बाहेर ढकलली की पुरे, असेही त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या हाताला अनुभव आहे हे मी नाकारत नाही, परंतु ही दोन्ही विधाने ऐकून मन साशंक झाले. काम मी स्वतः करणार नाही. ते होत असताना शेजारी उभे राहून काय पाहावे आणि कशाचा आग्रह धरावा, एवढेच समजून घ्यायचे आहे.

तांबट

आधी टनांचा प्रश्न. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता उचलण्याची क्षमता. प्रत्यक्षात ती किती उचलली जाईल, हे कॉम्प्रेसर, कॉइल आणि ब्लोअर (हवा खेळवणारा पंखा) हे तिघे मिळून ठरवतात. कॉम्प्रेसर ३ टनांचाच राहिला आणि कॉइल तेवढी मोठी केली, तर कॉइलचे तापमान थोडे वर राहते, सक्शनचा, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा, दाब थोडा वाढतो आणि क्षमतेतही किंचित भर पडते. पण कॉइल जितकी कमी गार, तितके हवेतले बाष्प तिच्यावर कमी साचते, आणि मग थर्मामीटर समाधानकारक आकडा दाखवत असतानाही खोलीत दमट व चिकट वाटत राहते. अर्ध्या टनाने मोठी कॉइल अनेक उत्पादक स्वतःच सुचवतात. पूर्ण एका टनाची तफावत मात्र आउटडोअरच्या उत्पादकाच्या जुळणी-तक्त्यात त्या दोन मॉडेलची जोडी छापलेली असेल तरच मान्य करावी. तो तक्ता मागून घ्या आणि दोन्ही मॉडेल क्रमांक स्वतः ताडून पाहा.

तुमच्या प्रश्नातले दुसरे एक वाक्य मला टनांपेक्षा अधिक खटकले. कॉइल पहिल्या यंत्रणेबरोबरची असेल, तर ती बहुधा आर-२२ या जुन्या गॅससाठी बनलेली असावी. त्याच तापमानाला आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. म्हणजे गेली सहा वर्षे ती कॉइल तिच्यासाठी न ठरवलेल्या दाबाखाली चालत आली आहे. गळतीचे कारण तेवढेच असेल असे मी म्हणणार नाही. तांब्याच्या कॉइलला मुंग्यांच्या वारुळासारखा आतल्या आत पोखरत जाणारा एक गंज लागतो. ओलावा, हवा आणि घरातल्या प्लायवुड, चिकटद्रव्ये, स्वच्छतेची रसायने यांतून निघणारी सौम्य आम्ले एकत्र आली की तो सुरू होतो, आणि त्याची छिद्रे डोळ्यांना दिसतही नाहीत. अनेक ठिकाणी एकदम गळती म्हटल्यावर मला प्रथम तोच आठवतो, आणि म्हणूनच डाख न लावण्याचा निर्णय योग्य वाटतो.

नवी कॉइल घेताना तिच्या पाटीवर आर-४१०ए असे स्पष्ट लिहिलेले असावे. कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा, तिच्या तोंडाशी असलेला एक्स्पान्शन व्हॉल्व्हही त्याच गॅससाठीचा हवा. आर-२२ चा व्हॉल्व्ह आर-४१०ए वर मोजून गॅस सोडू शकत नाही.

मोजूनमापून

व्हॅक्यूमविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या कामात सर्वाधिक चालढकल तिथेच होते आणि तिचे परिणाम दिसायला वर्ष-दोन वर्षे लागत असल्याने दोष कधीच त्या दिवसाच्या कामावर येत नाही.

गॅस सोडून हवा ढकलल्याने हवेचा मोठा भाग जाईलही, पण नळीच्या आतल्या पृष्ठभागाला आणि तेलाला धरून बसलेला ओलावा जात नाही. आर-४१०ए बरोबर पीओई जातीचे कृत्रिम तेल वापरतात, आणि ते हवेतले पाणी फार झपाट्याने शोषते. पाणी आत राहिले की त्या तेलापासून आम्ल तयार होते, आणि ते कॉम्प्रेसरच्या मोटरच्या वेष्टणापर्यंत पोहोचते. शिवाय असा गॅस हवेत सोडणे हा वातावरणावरचा अन्यायही आहे. आर-४१०ए चे एक किलो हे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार किलोइतके तापमान वाढवते.

पाणी बाहेर काढण्याचा मार्ग म्हणजे दाब इतका उतरवणे की ते खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाईल. इतका कमी दाब मायक्रॉन या एककात मोजतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो. २५ अंश सेल्सिअसला पाणी सुमारे २४,००० मायक्रॉनवर उकळते. आणि आपल्याला जायचे असते ५०० मायक्रॉनच्या खाली. तंत्रज्ञांच्या मॅनिफोल्डच्या (नळ्या जोडून दाब पाहण्याच्या संचाच्या) नेहमीच्या काटेवाल्या गेजवर हा फरक दिसत नाही, कारण तिथे काटा टोकाला जाऊन टेकलेला असतो. त्यामुळे ‘अर्धा तास पंप लावला’ या उत्तरावर समाधान मानू नका. मायक्रॉन गेजवरचा आकडा दाखवायला सांगा. ५०० च्या खाली गेल्यावर पंप व्हॉल्व्हने तोडून दहा-पंधरा मिनिटे वाट पाहायची. आकडा ५०० च्या बराच वर चढून कुठेतरी थांबला, तर आत ओलावा उरला आहे. चढतच राहिला, तर गळती आहे.

याच्या आधीच्या दोन पायऱ्याही महत्त्वाच्या आहेत. ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने तापवून नळ्यांचे सांधे जोडणे, चालू असताना नळीतून नायट्रोजनची अगदी मंद धार वाहती हवी, गालाला जेमतेम जाणवेल इतकीच. तांबे लाल होईपर्यंत तापले आणि आत हवा असली की आतून काळी पापडी धरते. ती पुढे सुटते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत जाऊन बसते. नवी कॉइल महिन्याभरात ‘खराब’ निघाल्याच्या किती तरी तक्रारींच्या मुळाशी ही पापडी असते. ब्रेझिंग करताना व्हॉल्व्हभोवती ओले फडके गुंडाळलेले असावे आणि त्याचा संवेदक बल्ब (नळीचे तापमान जाणणारा भाग) नळीपासून सोडवून बाजूला ठेवलेला असावा.

सांधे गार झाल्यावर नायट्रोजन भरून दाबाची परीक्षा घ्यायची. पाटीवर लिहिलेल्या कमाल चाचणी-दाबाच्या पुढे जायचे नाही आणि सिलिंडरला रेग्युलेटर असल्याशिवाय तो उघडायचा नाही. या परीक्षेसाठी ऑक्सिजन कधीही, कोणत्याही सबबीवर वापरू देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतले तेल एकत्र आले की स्फोट होतो. दाब रात्रभर ठेवणार असाल तर तापमानाची नोंद करा. ३०० पीएसआय (दाबाचे एकक) भरले आणि पहाटे हवा १० अंशांनी गार झाली, तर कुठेही गळती नसताना गेज सुमारे १० पीएसआय खाली दाखवेल. त्यावरून घाबरून सांधे पुन्हा तापवण्याचे कारण नाही.

थेंबेथेंबे

वरचे दोन्ही प्रतिसाद गॅसच्या बाजूचे झाले. घरमालकाला प्रत्यक्ष ताप होतो तो पाण्याचा. ३ टनांची यंत्रणा दमट हवेत चालताना दर तासाला ४ लिटरच्या आसपास पाणी सहज गाळते, आणि ड्रेन तुंबला तर ते सगळे छतातून खाली येते.

कॉइल बसवताना स्पिरिट लेव्हल लावून, ट्रे ड्रेनच्या तोंडाकडे किंचित उतरता असल्याची खात्री करा. ड्रेन पाइपला मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर उतार हवा. तुमची कॉइल ब्लोअरच्या आधी आहे की नंतर, तेही पाहा. आधी असेल तर ब्लोअर तिथली हवा ओढत असतो, आणि ड्रेनला पाणी धरून ठेवणारा यू-आकाराचा ट्रॅप नसेल तर पाइपमधून बाहेरची हवा आत खेचली जाऊन पाणी ट्रेमध्येच अडते. यंत्रणा बंद केल्यावर एकदम भळभळ पाणी येण्याचा जो प्रकार दिसतो, तो बहुधा यातूनच उद्भवतो. युनिट माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या वर असेल, तर खाली दुसरा जादा ट्रे आणि त्यात पाणी चढताच यंत्रणा बंद करणारा फ्लोट स्विच घेतलाच पाहिजे.

आमच्या घरी कॉइल बदलली तेव्हा सगळे काम नीट झाले होते, परंतु कॉइलच्या पेटीची झाकणपट्टी बसवताना मागच्या बाजूला बोटभर फट राहून गेली. ब्लोअर त्या फटीतून माळ्यावरची गरम हवा ओढत राहिला, आणि आम्ही दोन महिने गॅस कमी असल्याच्या समजुतीत होतो. तेव्हापासून मी हात फिरवून फटी शोधल्याशिवाय कोणाचे काम पुरे झाले असे मानत नाही.

सावली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माळ्यावर चढून पाहिले. जुन्या कॉइलच्या पाटीवर आर-२२ असेच लिहिले आहे, म्हणजे तांबट यांचा अंदाज खरा निघाला. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नाही; त्याच्या जागी पितळी जोडात बारीक छिद्राचा पिस्टन आहे. कॉइल ब्लोअरच्या आधी आहे आणि ड्रेनला ट्रॅप नाही. तंत्रज्ञांशी शांतपणे बोललो. मायक्रॉन गेज आपल्याकडे आहे, तो आणतो, असे ते म्हणाले, त्यामुळे माझा संशय थोडा अन्यायकारक होता की काय, असेही वाटले. जुळणी-तक्त्यात आमच्या आउटडोअरसमोर ३ आणि ३.५ टनांच्या कॉइल आहेत, ४ टनांची नाही.

आता दोन शंका उरतात. भिंतीतून गेलेल्या तांब्याच्या नळ्या त्याच ठेवता येतील का? आणि आउटडोअरमध्ये सध्या असलेला गॅस कसा वाचवायचा?

तांबट

नळ्यांची मापे आउटडोअरच्या पुस्तिकेशी जुळत असतील, त्या कुठे चेपलेल्या नसतील आणि भिंतीतला भाग दाबाच्या परीक्षेत उतरला, तर त्या राहू द्याव्यात. आर-२२ च्या काळातले खनिज तेल त्यांत उरले असू शकते, पण सहा वर्षे चालल्यानंतर त्यातले बरेचसे एव्हाना कॉम्प्रेसरकडे वाहून गेले असेल. फ्लशिंगचे रसायन ओतण्यापेक्षा कोरड्या नायट्रोजनचे जोरदार झोत मारावेत. अर्धवट वाळलेले रसायन आत राहणे हे तेलाच्या चार थेंबांहून वाईट. लिक्विड लाइनवरचा (आउटडोअरकडून कॉइलकडे द्रवरूप गॅस नेणाऱ्या नळीवरचा) फिल्टर ड्रायर, म्हणजे ओलावा आणि कचरा अडवणारा गाळ, मात्र नवा लावा. यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा, यात तडजोड नाही.

मोजूनमापून

फ्लशिंगबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. कॉम्प्रेसर जळालेला असता तर मी रसायनाचा आग्रह धरला असता. इथे तो धडधाकट आहे, म्हणून तांबट म्हणतात तसे नायट्रोजनवर भागवता येईल.

गॅसविषयी: एरवी लिक्विड लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवतात आणि सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाउन म्हणतात. तुमच्या बाबतीत कॉइललाच छिद्रे आहेत, तेव्हा सक्शनचा दाब वातावरणाच्या खाली गेला की त्या छिद्रांतून हवा आणि ओलावा आत शिरेल. म्हणून काटा शून्याच्या बऱ्यापैकी वर असतानाच थांबावे आणि उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्यावा.

पुन्हा भरताना वजनकाट्यावर भरायला सांगा, आणि सिलिंडरमधून गॅस द्रवरूपातच घ्यायला सांगा, कारण आर-४१०ए हे दोन घटकांचे मिश्रण आहे. कॉइलला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असेल तर शेवटचा हिशेब सबकूलिंगवरून, म्हणजे द्रव झालेला गॅस आणखी किती अंश गार होतो त्यावरून, लावतात. त्याचा आकडा आउटडोअरच्या पाटीवर असतो. त्याआधी ब्लोअरचा वेग तपासून घ्यावा. टनामागे मिनिटाला ३५० ते ४०० घनफूट हवा, म्हणजे तुमच्याकडे साधारण १,०५० ते १,२०० घनफूट, कॉइलवरून जायला हवी. नव्या कॉइलच्या पत्र्या जुनीपेक्षा दाट असतील तर तोच ब्लोअर तेवढ्याच वेगावर कमी हवा देईल, आणि मग गॅसची सर्व मोजमापे फसवी ठरतील.

तांबट

एक राहिले. नवी कॉइल बहुधा आत दाबाखाली नायट्रोजन भरूनच येते. रबरी बूच काढताच फुस्स आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ती कॉइल पेटीत तशीच बंद करून परत पाठवा. नाहीतर बसवून झाल्यावर तिची गळती कोणाची, यावर वाद घालत बसावे लागेल.

सावली

बूच माझ्यासमोरच काढायला सांगतो. कॉइल ३.५ टनांची मागवली आहे, पिस्टनऐवजी एक्स्पान्शन व्हॉल्व्हची. ट्रॅप आणि फ्लोट स्विच यांचा उल्लेख कामाच्या लेखी अंदाजपत्रकात करून घेतला आहे.