लोहाच्या गोळीवर तपकिरी ठिपके, मदत हवी आहे (तातडीने)

गोळीवाला: घाईत लिहितोय. ६० मिग्रॅ लोहाची गोळी. दोन वर्षं काही त्रास नव्हता. या बॅचला तिसऱ्याच दिवशी ठिपके, मिरपूड शिंपडल्यासारखे. मशीनचे पंच (गोळी दाबणारे दांडे) तपासले, मशीन पुन्हा धुतलं. आता काय करू?

खलबत्ता: लोहाचा क्षार कुठला? गोळीत सोबत काय आहे?

गोळीवाला: फेरस सल्फेट, अजून काय असणार!

तांबडी_माती: फेरस फ्युमरेटवर या, लोहाचाच दुसरा क्षार. ३३ टक्के लोह, पाण्यात फारसं विरघळत नाही. आम्ही बदललं आणि सुटलो.

खलबत्ता: फ्युमरेट मुळातच तांबूस-तपकिरी. डाग गेले की दिसेनासे झाले?

तांबडी_माती: फेरिकची, म्हणजे हवेनं गंजासारख्या झालेल्या लोहाची, चाचणी करतो आम्ही. डोळ्यांवर विसंबून नाही.

सुगरण: लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी.

गोळीवाला: ताई, गोळी घ्यायची नाहीये, बनवायचीय.

खलबत्ता: सोबत काय आहे ते राहिलंच.

गोळीवाला: फॉलिक आम्ल, क जीवनसत्त्व. नेहमीचंच.

खलबत्ता: हे आधी सांगायचं ना! ओल मिळाली की क जीवनसत्त्व आणि लोह एकमेकांना सुखानं राहू देत नाहीत. फेरस सल्फेटच्या पावडरचा रंग?

गोळीवाला: फिकट हिरवा. आधीची पोती राखाडी-पांढरी होती. खरेदीवाले म्हणाले, ही जास्त शुद्ध.

खलबत्ता: सापडलं. हिरवं म्हणजे सात रेणू पाणी असलेलं. २७८ रेणुभारात १२६ पाणीच, म्हणजे ४५ टक्के! गरम झालं की ते सुटतं, ओलीत फेरसचं फेरिक होतं आणि तेच तुमचे ठिपके. तुम्हाला 'ड्राइड' ग्रेड हवी, बहुतेक पाणी काढलेली, तुमची जुनी राखाडी-पांढरी.

तांबडी_माती: म्हणूनच म्हणतो, फ्युमरेट.

कोटिंगकाका: गोळीवर नुसती फिल्म (पातळ आवरण) चढवा, ठिपके दिसणार नाहीत.

खलबत्ता: काका, आतलं पाणी कुठे जाणार? गोळीवाले, एका गोळीत फेरस सल्फेट किती घालता?

गोळीवाला: १८८ मिग्रॅ. फॉर्म्युला जुनाच आहे.

खलबत्ता: मग ठिपके राहू द्या बाजूला. ड्राइडमध्ये सुमारे ३२ टक्के लोह, म्हणून १८८ मध्ये ६० मिळत होतं. हिरव्यात २० टक्के. गोळीत जेमतेम ३८ मिग्रॅ असेल. लोहाचा 'असे' (प्रमाण मोजायची चाचणी) केला का?

गोळीवाला: रिपोर्ट यायचाय. बॅच रोखतो.

सुगरण: आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये.