लंडनहून गाइडसह एका दिवसाची सहल: स्टोनहेंज, बाथ, सॉल्सबरी. अनुभव लिहा

मुलाकडे-लेकीकडे राहायला आलेले आईवडील असोत की चार दिवस कामासाठी आलेली मंडळी, लंडनमध्ये प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: गाइडसह कोचची (म्हणजे मोठ्या आरामबसची) एका दिवसाची सहल घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? ज्यांना माहिती आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावं. नुसतं 'छान होतं' नको. वेळ किती लागतो, चालावं किती लागतं, पैसे कुठे फुकट जातात ते लिहा.

* * *

आधी तासांचा हिशोब मांडा. विंडसर (राजघराण्याचा किल्ला), स्टोनहेंज (प्राचीन दगडांचं वर्तुळ) आणि बाथ (रोमन स्नानगृहाचं शहर) अशी तिन्ही ठिकाणं एका दिवसात दाखवणारी सहल लोक सहज घेतात. सकाळी आठच्या सुमारास निघायचं, रात्री आठला परत. यातले सहा-साडेसहा तास गाडीतच जातात: विंडसरपर्यंत एक, तिथून स्टोनहेंज दीड, पुढे बाथ एक, आणि बाथहून लंडन अडीच ते तीन. उरलेल्या वेळात प्रत्येक ठिकाणी जेमतेम दीड तास मिळतो. विंडसरला विमानतळासारखी तपासणी असते, त्यात रांग लागली की किल्ला नीट बघून होतच नाही. शिवाय मंगळवारी आणि बुधवारी किल्ला बंद, आणि रविवारी किल्ल्यातलं सेंट जॉर्ज चॅपल पर्यटकांना बंद. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून विंडसरला थेट गाडी आहे, तेव्हा तो अर्धा दिवस वेगळा काढा आणि कोचने दोनच ठिकाणांची सहल घ्या.

परतीची वेळ गाइडने सांगितली की मोबाइलवर दहा मिनिटं आधीचा गजर लावा. चालकाला सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने बंधनकारक आहे. दिवसाचे तास मोजलेले असतात, म्हणून उशिरा येणाऱ्यासाठी गाडी थांबत नाही.

बुकिंग करताना 'प्रवेश तिकीट समाविष्ट' हे शब्द शोधा. स्वस्त दिसणाऱ्या सहलीत बऱ्याचदा फक्त गाडी आणि गाइडचेच पैसे असतात.

* * *

स्टोनहेंजबद्दल. कोच दगडांपाशी जात नाही. २०१३ साली सुरू झालेलं स्वागत केंद्र दगडांपासून दोन किलोमीटरवर आहे. तिथून शटल बस मिळते, चालत गेलं तर अर्धा तास लागतो. बसची रांग, जाणं-येणं आणि स्वच्छतागृह यांत पाऊण तास सहज जातो, म्हणून आधी थेट बस पकडून दगड बघा. प्रदर्शन आणि दुकान परतताना. दगडांपाशी स्वच्छतागृह नाही, केंद्रावरच जाऊन घ्या.

एरवीच्या तिकिटावर वर्तुळाच्या आत जाता येत नाही. आत जायचं तर गर्दीच्या वेळेआधी किंवा नंतरचं वेगळं तिकीट लागतं, ते लवकर संपतं. पण बाहेरूनही पूर्ण फेरी घाला. बहुतेक लोक पहिल्याच वळणावर फोटो काढून परत फिरतात, आणि खरी गंमत पुढे आहे. एक एकटा, सर्वांत उंच दगड दिसेल. त्याच्या डोक्यावर एक गोल उंचवटा आहे. सुतार चौकट जोडताना एका लाकडाला उंचवटा ठेवतो आणि दुसऱ्याला खाच पाडतो, अगदी तसाच. वरचा आडवा दगड त्यावर खाचेने बसवला होता. तो पडला, म्हणून सांधा उघडा दिसतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी लाकडाची पद्धत सरासरी २५ टनांच्या दगडात उतरवली, हे त्या एका उंचवट्यावरून कळतं. लहान दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांमधले आहेत, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवरचे.

पठारावर वारा फार, छत्री उलटीच होते. टोपीचा रेनकोट न्या. ए३०३ रस्त्याने पश्चिमेकडे जाताना दगड उजव्या हाताला दिसतात, खिडकी त्या बाजूची घ्या.

* * *

बाथमध्ये वेळ कमी असेल तर फक्त रोमन स्नानगृह. ऑडिओ गाइड तिकिटातच असतो, सगळं ऐकायला दीड तास लागतो. मोठ्या कुंडाचं पाणी हिरवं दिसतं ते घाणीमुळे नाही: रोमन काळी वर छप्पर होतं, आता ऊन पडतं आणि शेवाळ वाढतं. पाण्यात हात घालू नका, ते शुद्ध केलेलं नाही. वरच्या सज्जातले पुतळे व्हिक्टोरियन काळातले; खरं रोमन काम खांबांच्या बुडापासून खाली. झरा ४६ अंशांचा, दिवसाला ११ लाख ७० हजार लिटर. जादाचं पाणी बाहेर पडतं त्या मोरीपाशी जरूर थांबा. लोहामुळे दगड नारिंगी झालेत, वाफ चेहऱ्यावर येते, आणि ती मोरी रोमनांनी बांधलेली आहे. गाइड घाईत असला की ही जागा राहून जाते.

रॉयल क्रेसेंट (अर्धचंद्राकार जुन्या घरांची रांग) चढावर आहे, पंधरा-वीस मिनिटं. गुडघे दुखणाऱ्यांनी सोडून द्यावं.

* * *

खाण्याचं: सँडविचवरच्या 'व्हेजिटेरियन' खुणेत अंडं चालतं. अंडं नको असेल तर 'व्हीगन' लिहिलेलं घ्या. सूप भाज्यांचं असलं तरी कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या. थांबे छोटे असल्याने हॉटेलात बसून जेवण होत नाही. दशम्या, थेपले, कोरडी चटणी सर्वांत बरं. गरम, वासाचे पदार्थ गाडीत चालत नाहीत.

डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा स्टोनहेंज आधी असलेलीच सहल निवडा. तिथला शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या दोन तास आधी असतो.

* * *

ज्यांना कोच नको त्यांनी वॉटर्लूहून सॉल्सबरीची रेल्वे घ्यावी, साधारण दीड तास. स्टेशनवरून स्टोनहेंजची बस सुटते. फायदा हा की सॉल्सबरीचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, बघायला मिळतं. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक इथे आहे, आणि १२३ मीटरचा मनोरा ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच. पाया मात्र जेमतेम सव्वा मीटर खोल, पाणथळ खडीवर. मधल्या चौकात उभं राहून खांबांच्या कडेने नजर वर न्या: मनोऱ्याच्या भाराने ते वाकलेले डोळ्यांना दिसतात. मग तिथल्या स्वयंसेवकांना पाण्याची पातळी दाखवायला सांगा. फरशीतली छोटी झाकणी उघडून ते काठी आत सोडतात, आणि काठी ओली होऊन वर येते.