टुसॉनच्या स्थानिक घडामोडी समजून घ्यायच्या तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – नवा_रहिवासी

नोकरीच्या निमित्ताने अॅरिझोना राज्यातील टुसॉन शहरात नुकतेच बिऱ्हाड थाटले आहे. ज्या गावात राहायचे त्या गावाचे राजकारण आणि सांस्कृतिक जीवन समजून घ्यावे या हेतूने मी येथील बातम्या नेमाने वाचतो, परंतु एकेका बातमीचा अर्थ लागला तरी त्यांची एकमेकींशी सांगड बसत नाही.

रोजगार हवा असे सगळेच म्हणत असताना २०२५ मध्ये येथील नगरपरिषदेने ‘प्रोजेक्ट ब्लू’ या नावाने आलेला अवाढव्य डेटा सेंटरचा प्रस्ताव एकमुखाने नाकारला, आणि त्याविरुद्ध लोकांनी मोठ्या संख्येने सभांना गर्दी केली. दुसरीकडे, शहराच्या मध्यभागी असलेल्या सभागृहाला गायिका लिंडा रॉनस्टॅट या येथील भूमिकन्येचे नाव दिल्याचे कौतुक होते, पण ते सभागृह ज्या संकुलात आहे त्याचा विषय निघाला की जुनी मंडळी कडवट होतात. शिवाय प्रभागातून उमेदवार निवडायचा आणि अंतिम मतदान मात्र अख्ख्या शहराने करायचे, ही निवडणुकीची पद्धतही मला चमत्कारिक वाटते. या शहराला खरोखर कशाची चिंता आहे आणि ती नीट कळावी म्हणून कोठून आरंभ करावा, हे जुन्याजाणत्या सभासदांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर – कालव्याकाठचा

आपण पाण्यापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. टुसॉनमध्ये पाणी अनेकदा पेटले आहे, आणि प्रत्येक वेळी त्याची धग नगरपरिषदेपर्यंत पोहोचली आहे.

१९७६ च्या उन्हाळ्यात, ऐन काहिलीत, तेव्हाच्या परिषदेने पाणीपट्टी वाढवली. त्यातही जी घरे टेकड्यांच्या उतारावर होती त्यांच्याकडून पाणी वर चढवण्याचा जादा आकार घ्यावा, असे ठरले. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती, कारण पंपाला लागणारी वीज फुकट मिळत नाही. परंतु उन्हाळ्याची बिले हातात पडताच शहर खवळले, आणि जानेवारी १९७७ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदत संपण्यापूर्वीच परत बोलावले. पुढच्या मंडळींनाही पाणीपट्टीचे गणित बदलता आले नाही, हा त्यातला खरा विनोद. त्याच वर्षी शहराने बचतीची मोहीम काढली आणि ‘पीट द बीक’ नावाच्या बदकाच्या चित्राकरवी, उन्हाळ्यात मागणी शिगेला पोहोचते त्या वेळी बागेला पाणी घालू नका, असे लोकांना सांगावयास सुरुवात केली. पाणीपट्टीने जे साधले नाही ते पुष्कळसे या बदकाने साधले, असे मी म्हणेन.

त्यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. बराच काळ टुसॉन केवळ भूजलावर जगत होते आणि विहिरींची पातळी खाली जात होती. म्हणून कोलोरॅडो नदीचे पाणी सेंट्रल अॅरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैल लांबीच्या कालव्याने लेक हवासूपासून येथवर आणण्यात आले. १९९२ च्या अखेरीस हे पाणी शुद्ध करून थेट नळांना सोडले गेले. त्याची रासायनिक घडण भूजलापेक्षा वेगळी असल्यामुळे जुन्या लोखंडी नळांच्या आत वर्षानुवर्षे बसलेला गंज सुटू लागला, आणि लोकांच्या न्हाणीघरात तांबूस, घाणेरडे पाणी वाहू लागले. नळ फुटले, पाणी तापवायची यंत्रे बिघडली, नुकसानभरपाईचे दावे आले. १९९४ मध्ये हा पुरवठा थांबवावा लागला आणि १९९५ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव २००’ मंजूर करून कालव्याचे पाणी अशा रीतीने थेट देण्यास पायबंद घातला.

त्यावर काढलेला तोडगा आजही चालू आहे. शहराच्या पश्चिमेला आव्रा खोऱ्यात कालव्याचे पाणी उथळ तळ्यांमध्ये सोडतात, ते जमिनीत मुरते, भूजलात मिसळते, आणि ते मिश्रण पुन्हा उपसून २००१ पासून घरोघरी दिले जाते. शहराचा कालव्यातील वार्षिक वाटा १,४४,१९१ एकर-फूट इतका आहे आणि एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. हे आकडे येथे मुद्दाम देत आहे, कारण कोलोरॅडो नदीच्या तुटीवर राज्याराज्यांत चाललेल्या वाटाघाटींची बातमी येईल तेव्हा या वाट्यापैकी किती हाती राहणार, हाच प्रश्न टुसॉनकर मनात विचारत असतो.

आता आपल्या ‘प्रोजेक्ट ब्लू’कडे वळतो. शहराच्या आग्नेयेला, जत्रेच्या मैदानाजवळची २९० एकर जमीन पिमा काउंटीच्या मंडळाने जून २०२५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी विकण्यास मान्यता दिली. ती शहराच्या हद्दीबाहेर असल्यामुळे शहराचे पाणी मिळवायचे तर हद्दवाढ करणे भाग होते. विकासकाने पुढे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, असे सांगितले होते. तथापि त्याची वाहिनी तयार होईपर्यंत पिण्याचेच पाणी लागणार होते. ६ ऑगस्ट २०२५ रोजी महापौर रेजिना रोमेरो आणि सहाही सदस्यांनी हद्दवाढीस नकार दिला. अर्थात जमीन हद्दीबाहेरच असल्यामुळे प्रकल्प त्यामुळे आपोआप बाद झाला नाही. कंपनीने हवेने थंड होणाऱ्या यंत्रणेचा पर्याय पुढे केला आणि वाद विजेच्या मागणीकडे सरकला. आपल्या हातातला पाण्याचा अधिकार म्हणजे शहरापाशी असलेले सर्वांत मोठे शस्त्र, हे मात्र त्या दिवशी सर्वांना दिसले.

उत्तर – जुनी_पेठ

वरील उत्तरातील तपशिलाबद्दल दुमत नाही, परंतु सगळे पाण्यावर नेऊन ठेवणे मला पटत नाही. ‘प्रोजेक्ट ब्लू’विरुद्धच्या सभांना मी उपस्थित होतो. लिटर आणि गॅलनपेक्षा लोकांच्या बोलण्यात गोपनीयतेच्या करारांचा संताप अधिक होता. ज्या प्रकल्पासाठी सार्वजनिक जमीन द्यायची, त्याचा खरा धनी कोण, हे आधी सांगायचे नाही, आणि ‘अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस’चे नाव वार्ताहरांनी कागदपत्रांतून खणून काढायचे, हे लोकांना सहन झाले नाही. मोठी योजना, बंद दार आणि नंतर ‘हे तुमच्याच भल्याचे आहे’ असे सांगणे, हा अनुभव या शहराने पूर्वी घेतलेला आहे, आणि तो समजला की आपल्याला त्या संकुलाबद्दलची कडवट भावनाही समजेल.

१९६६ मध्ये नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली एक योजना मतदानाने मंजूर झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मध्यवस्तीतील सुमारे ८० एकरांवरची जुनी मातीची घरे, दुकाने आणि गल्ल्या पाडण्यात आल्या. तेथे प्रामुख्याने मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत होती. चिनी आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची घरेही त्यांच्या शेजारी होती. त्या जागेवर उभे राहिलेले अधिवेशन संकुल १९७१ मध्ये खुले झाले. येथील संगीताचे एक दैवत मानले जाणारे लालो गरेरो १९१६ मध्ये जन्मले ते याच जुन्या वस्तीत, आणि १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय कला पदक मिळाले तोवर त्यांच्या बालपणीच्या परिसराचा मोठा भाग नकाशावरून पुसला गेला होता.

आपण म्हणता ते सभागृह याच संकुलात आहे. २०२२ मध्ये त्याला लिंडा रॉनस्टॅट यांचे नाव देण्यात आले. त्यांचे आजोबा मेक्सिकोतील सोनोरा राज्यातून आले, आणि या गावात त्या घराण्याची अवजारांची व लोखंडी सामानाची पेढी प्रसिद्ध होती. म्हणजे ज्या मेक्सिकन-अमेरिकन सांगीतिक परंपरेचा तेथे गौरव होतो, त्याच परंपरेची घरे पाडून ती वास्तू उभी आहे. माझ्या मते नाव देणे योग्यच झाले. पण नावाने हिशेब मिटतो असे कोणी समजू नये.

एकदा दक्षिण मेन अॅव्हेन्यूवर ‘एल तिरादितो’ पाहून यावे. पडक्या मातीच्या भिंतीचा एक तुकडा, तिच्यासमोर मेणबत्त्यांच्या लोखंडी घोड्या, आणि काजळीने काळवंडलेले कोनाडे, एवढेच ते स्थान आहे. प्रेमप्रकरणात मारल्या गेलेल्या एका पापी माणसाच्या स्मरणार्थ ते आहे अशी आख्यायिका आहे, आणि रात्रभर मेणबत्ती तेवत राहिली तर इच्छा पूर्ण होते असा समज आहे. १९७१ मध्ये या स्थानाची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली आणि वस्तीच्या उरलेल्या भागातून महामार्ग काढण्याच्या बेताविरुद्ध लढणाऱ्या रहिवाशांना तिचा फार उपयोग झाला. संतपद न मिळालेल्या माणसाने सरकारी रस्ता अडवला, याचे मला नेहमीच कौतुक वाटते. दुर्दैवाने जी घरे तेव्हा वाचली ती आता डागडुजी होऊन इतकी महाग झाली आहेत की मूळ रहिवाशांच्या नातवंडांना ती परवडत नाहीत.

त्यानंतर मध्यवस्ती सावरण्यासाठी १९९९ मध्ये मतदारांनी ‘रिओ नुएव्हो’ जिल्ह्याला मंजुरी दिली. त्या जिल्ह्यातील राज्य विक्रीकराचा काही भाग तेथेच खर्च करायचा, अशी ती व्यवस्था आहे. सुरुवातीच्या वर्षांत पैसा गेला आणि दिसण्यासारखे काम थोडे झाले, म्हणून राज्य विधिमंडळाने तिच्या मंडळावरील नेमणुका राज्याच्या हाती दिल्या. म्हणजे टुसॉनच्या मध्यवस्तीतील पैशाचे निर्णय काही अंशी राज्याच्या राजधानीतून, म्हणजे फीनिक्सहून, नेमलेले लोक घेतात. ही सल येथे प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी उफाळून येते.

नवा_रहिवासी

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. प्रभाग आणि शहर असे दुहेरी मतदान कशासाठी आहे? आणि नोव्हेंबरात मिरवणूक निघते तिच्याकडे सण म्हणून पाहावे की तीही या वादांचाच भाग आहे?

उत्तर – कालव्याकाठचा

निवडणुकीबद्दल. पक्षाची प्राथमिक निवडणूक प्रभागापुरती असते, नोव्हेंबरातील अंतिम लढत सर्व शहरात होते, आणि उमेदवाराच्या नावापुढे पक्षही छापला जातो. सदस्याने आपल्या प्रभागाचे ऐकावे, पण जबाबदारी सगळ्या शहराची मानावी, असे त्यामागचे समर्थन आहे. टीकाकार म्हणतात की आपल्याच प्रभागात हरलेला उमेदवार उरलेल्या शहराच्या बळावर निवडून येऊ शकतो, आणि ते खरे आहे. २०१५ मध्ये संघराज्याच्या नवव्या अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली होती, परंतु २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला. तत्पूर्वी, पक्षविरहित निवडणुका घ्या असा राज्याचा कायदाही टुसॉनने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लढवून २०१२ मध्ये दूर ठेवला होता. राज्य विधिमंडळाशी पंगा घेणे हा येथील परिषदेचा जुना परिपाठच आहे. वैयक्तिक मत विचाराल तर, मला ही पद्धत गैरसोयीची वाटते, पण ती बदलायची की नाही हे फीनिक्सने ठरवावे, हे मात्र मान्य नाही.

‘जुनी_पेठ’ यांचा गोपनीयतेचा मुद्दा मला मान्य आहे. तथापि करार कितीही उघडे असते तरी, पिण्याचे पाणी लागणार हे कळल्यावर नकार टळला असता असे मला वाटत नाही.

उत्तर – संध्याकाळचा_श्रोता

मिरवणुकीबद्दल मी लिहितो. ‘ऑल सोल्स प्रोसेशन’ १९९० मध्ये एका स्थानिक कलावतीने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ सुरू केली. ती नगरपरिषदेची नव्हे. कलावंतांची एक ना-नफा संस्था आणि पुष्कळसे स्वयंसेवक ती चालवतात. चेहरे रंगवलेले लोक आपल्या माणसांची छायाचित्रे घेऊन चालतात, आणि मोठ्या कलशात कोणीही आपल्या मृतांसाठी लिहिलेली चिठ्ठी टाकू शकतो; शेवटी तो कलश उंचावर नेऊन पेटवला जातो. मेक्सिकन ‘मृतांच्या दिवसा’शी तिचे नाते आहे, पण ती त्याची नक्कल नव्हे, आणि ते नाते किती जवळचे मानावे यावर मेक्सिकन-अमेरिकन समाजातही एकमत नाही. तेव्हा आपण सण म्हणून जावे, परंतु प्रेक्षक म्हणून पदपथावर उभे राहण्याऐवजी एखादे नाव सोबत घेऊन चालावे. वाद तेथेही आहेत, पण ते पैशाचे आणि परवान्यांचे.

बातम्यांच्या बाबतीत एक सूचना करतो. १८७० मध्ये सुरू झालेल्या ‘टुसॉन सिटिझन’ची छापील आवृत्ती मे २००९ मध्ये बंद पडली, आणि १८७७ पासून चालत आलेले ‘अॅरिझोना डेली स्टार’ हे एकच मोठे दैनिक उरले. म्हणून केवळ त्यावर न थांबता ‘टुसॉन सेंटिनेल’ आणि ‘अॅरिझोना लुमिनारिया’ ही ऑनलाइन पत्रे वाचावीत. ‘प्रोजेक्ट ब्लू’च्या कागदपत्रांच्या बाबतीत ‘लुमिनारिया’चे काम मोलाचे होते. संगीतासाठी ९१.३ वर ‘केएक्ससीआय’ ही १९८३ पासूनची लोकांच्या वर्गणीवर चालणारी नभोवाणी ऐकावी. कोणता बँड कोठे वाजणार आहे हे तिच्यावर जितके लवकर कळते तितके कोणत्याही संकेतस्थळावर कळत नाही.

नगरपरिषदेची सभा सहसा मंगळवारी असते. संध्याकाळच्या मुख्य सभेत सामान्य नागरिकाला बोलण्यास तीन मिनिटे मिळतात आणि करमणूक तेथे अधिक होते, हे खरे. पण निर्णयाचा कल दिवसाच्या अभ्यास-सभेतच कळतो. तेव्हा वेळ एकाच सभेला देता येणार असेल तर त्या सभेचे ध्वनिचित्रमुद्रण पाहावे.